मी पेनसिल्व्हेनियात आहे. माझ्या मियाटाला (माझदाची दोन सीटची स्पोर्ट्स कार) ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, टो हिच (ट्रेलर ओढायची मागची जोडणी) लावू का? कोणती लावू? गाडी बिघडेल का, आणि लोक हसतील का?

हसतील. पहिल्या वर्षी तर हमखास. मीही ते ऐकून घेतलंय, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नामुळेच रात्री साडेअकराला हे लिहायला बसलोय.

माझी मियाटा २००३ ची, दुसऱ्या पिढीची. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. हिच लावून नऊ वर्षं झाली. क्लास वन, म्हणजे सगळ्यात हलकी, सव्वा इंची रिसीव्हर (मागची चौकोनी नळी) असलेली. तुम्हालाही तीच लागेल, मोठी शोधू नका. त्याआधी दोन वर्षं मी ट्रॅकचेच टायर घालून मिलव्हिलच्या ट्रॅकला जायचो आणि तेच घालून परत यायचो. दिवसभर झिजवलेल्या त्या मऊ टायरांवर एका संध्याकाळी टर्नपाइक हायवेवर पाऊस लागला. साचलेल्या पाण्यावरून गाडी तरंगत गेली आणि दोन सेकंद स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. दुसऱ्याच आठवड्यात हिच मागवली, ट्रॅकची चाकं छोट्या ट्रेलरवर न्यायला. डिकीत एक चाक धड बसत नाही, शेजारच्या सीटवर कोंबून कोंबून किती कोंबणार?

माझ्या एका जुन्या मित्राने ती पाहिली आणि मंडळाच्या गणपतीत दहा जणांसमोर म्हणाला, "शर्यतीचा बैल औताला जुंपलास की रे." त्याच्याकडे मोठा पिकअप ट्रक आहे. ट्रॅकची गाडी तो ट्रेलरवर चढवून नेतो, ती रस्त्यावर उतरतच नाही. सगळे हसले. ते वाक्य मला लागलं.

त्यानंतरच्या पहिल्याच फेरीला रूट ५५ वर माझा ट्रेलर डोलायला लागला. वेग ६५ मैल. शेजारून एक मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि त्याच्याबरोबर गाडीचा मागचा भागही ओढला जात होता. मी ब्रेक दाबला नाही, हे नशीब. नुसता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. पंचेचाळीसला येऊन तो शांत झाला. कडेला थांबलो तेव्हा पाय थरथरत होते.

चाकांना अडसर लावून ट्रेलर सोडवला आणि त्याची पुढची, हिचला अडकणारी दांडी उचलून पाहिली. एका हाताने, रिकामी बादली उचलावी तशी वर आली. चारही चाकं आणि जॅक मी मागच्या फळीला लावून ठेवले होते, उतरवायला सोपे म्हणून. पुढे फक्त खुर्ची आणि तंबू. आणि एकदम आजोबांचा शब्द आठवला: उलाळ. आमचं गाव जुन्नरकडचं. ओतूरच्या बाजाराला कांद्याच्या गोण्या जायच्या, तेव्हा आजोबा बैल जुंपायच्या आधी धुरीखाली खांदा देऊन बघायचे. जू मानेवर टेकलं पाहिजे. मागे वजन झालं की जू वर उचलतं, जोतं बैलाच्या गळ्याला फास लावतं, मग म्हणायचे, "गाडी उलाळ झालीय, दोन गोण्या पुढं घ्या." इथे ज्याला टंग वेट, म्हणजे दांडीवर येणारा भार, म्हणतात ते हेच. मी इंजिनिअर, टॉर्क पाठ, आणि जे आजोबा खांद्याने ओळखायचे ते मी मोजलंच नव्हतं.

घरी येऊन सामान पुन्हा तसंच भरलं आणि दांडीखाली ठोकळा ठेवून बाथरूमचा वजनकाटा लावला. भरलेला ट्रेलर ४५० पाउंड, दांडीवर फक्त २०. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवेत. चाकं आसाच्या पुढे घेतली, ५५ झाले. त्यानंतर नऊ वर्षांत एकदाही डोलला नाही. अर्थात आता मी साठच्या वर नेतही नाही; त्या बारा इंची चाकांना आणि बेअरिंगना तेवढंच झेपतं.

हिच बसवणं एका दुपारचं काम आहे. जपायचा तो मफलर, म्हणजे धुराच्या नळीवरचा तापणारा डबा. माझी ट्रेलरच्या दिव्यांची वायर त्याला चिकटून गेली होती, वितळून तांबं उघडं पडलं. ती लांबून न्या, वर उष्णता रोखणारं वेष्टण घाला. आणि मियाटाचे ब्रेकचे आणि वळणाचे दिवे वेगळे, तर ट्रेलरच्या चार तारांत दोन्ही एकाच तारेवर चालतात, म्हणून दोन्ही एका तारेवर आणणारा कन्व्हर्टर लागतोच. पहिल्या शंभर मैलांनंतर बोल्ट पुन्हा आवळा. ट्रॅकवर उतरण्याआधी बॉल माउंट (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याचा भाग) काढून ठेवा.

शर्यतीच्या बैलाचं म्हणाल, तर जी गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रॅकला जाते, वीस-वीस मिनिटांची चार सत्रं पळते आणि त्याच रात्री मला घरी आणते, तिचा मला जास्त अभिमान वाटतो. ट्रक, मोठा ट्रेलर, ते उभे करायला जागा, हे सगळं जमल्यावरच ट्रॅकवर यायचं असेल तर आपल्यातले निम्मे कधी येणारच नाहीत. मी त्या मित्राला हे तेव्हा बोललो नाही, आता लिहितोय.

दोन गोष्टी मात्र आधी सांगायला हव्या होत्या. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ही गाडी टोइंगसाठी नाही असं स्वच्छ लिहिलंय. तुमचंही वाचा, आणि विमा कंपनीला लेखी विचारा. मी ती जोखीम समजून घेतली, ती तुमच्या वतीने घेऊ शकत नाही. दांडीचा भारही गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात धरा. शेजारी कोणी बसणार असेल तर हिशेब बदलतो.

दुसरी, गाडी ट्रॅकवरच मेली तर ट्रेलर आणि तुम्ही दोघेही अडकता. माझा क्लच स्लेव्ह सिलिंडर (क्लच चालवणारा छोटा हायड्रॉलिक भाग) एकदा मिलव्हिललाच गेला. तेव्हा दोन तास गाडी चालवून न्यायला आला तो हाच मित्र, त्याच ट्रकने. काही बोलला नाही, गाडी चढवायला हात लावला.

तुम्ही पेनसिल्व्हेनियात आहात म्हणता, म्हणजे मिलव्हिल फार लांब नाही. आलात तर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या असतात तिथे, लाल मियाटा शोधा. वजनकाटा ट्रेलरमध्येच असतो, तुमचाही मोजू.