वाचकांचे प्रश्न : पाण्यातही गुदमरणारे मासे

प्रश्न : कुपा (ट्यूना) आणि मुशी हे मासे पोहायचे थांबले की गुदमरून मरतात, असे ऐकले आहे. पाण्यातच राहणारा मासा पाण्यात गुदमरेल कसा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कुप्याबाबत हे खरे आहे, मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कुळाबाबत मात्र सरसकट खरे नाही. बहुतेक मासे तोंड आणि कल्ल्यांवरची झाकणे आळीपाळीने उघडून-मिटून पाणी कल्ल्यांवरून खेळवतात, त्यामुळे एका जागी थांबूनही त्यांना श्वास घेता येतो. कुप्याला या रीतीने पुरेसे पाणी खेळवता येत नाही. तो तोंड किंचित उघडे ठेवून पुढे जात राहतो आणि त्या वेगाने आत शिरणारे पाणीच त्याच्या कल्ल्यांना प्राणवायू पुरवते. म्हणूनच जाळ्यात जखडलेला कुपा पाण्याखाली असूनही गुदमरतो.

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटाभोवती गळाने पकडल्या जाणाऱ्या स्किपजॅक कुप्याची आणखी एक अडचण आहे. घोळ माशाच्या ज्या भोताला बाजारात एवढा भाव मिळतो, ती वायूची पिशवी त्याला नसते. त्याचे शरीर पाण्यापेक्षा जड असल्याने थांबला की तो खाली जाऊ लागतो, आणि छातीचे पर पसरून वेगाने पोहताना मिळणाऱ्या उचलीवरच आपली पातळी राखतो. शार्कनाही ही पिशवी नसते, पण त्यांच्या यकृतातील हलक्या तेलामुळे बुडण्याचा ओढा बराच कमी होतो. बांबू शार्क व नर्स शार्क तर तळाशी पडून, तोंडाने पाणी ओढत आरामात श्वास घेतात; माको शार्कला मात्र थांबण्याची मुभा नाही.

कुप्याचे खरे नवल मला त्याच्या रक्ताभिसरणात वाटते. सतत राबणाऱ्या तांबड्या स्नायूंत निर्माण होणारी उष्णता इतर माशांत कल्ल्यांपाशी पोहोचताच पाण्यात निघून जाते; कुप्यात मात्र स्नायूंकडून परतणारे उष्ण रक्त आणि कल्ल्यांकडून येणारे गार रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून शेजारून, उलट दिशांनी वाहते, आणि उष्णता वाटेतच परत घेतली जाते. त्यामुळे निळ्या परांचा ब्लूफिन कुपा उत्तर अटलांटिकच्या थंडगार पाण्यातही चपळाईने शिकार करतो.

प्रश्न : माशाची शेपटी उभी आणि डॉल्फिनची आडवी, असे का? (एक विद्यार्थिनी, मालवण)

उत्तर : मासा पाठीचा कणा डावी-उजवीकडे वाकवून पोहतो. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवरचे चतुष्पाद सस्तन प्राणी होते. असे प्राणी धावताना कणा वर-खाली वाकवतात, आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी समुद्राकडे वळलेल्या या वंशाने तीच हालचाल पोहण्यासाठी कायम ठेवली. नामशेष झालेले इक्थिओसॉर डॉल्फिनसारखेच निमुळते होते, परंतु ते सरीसृप असल्यामुळे त्यांचा कणा आडव्या दिशेने वळत असे आणि त्यांची शेपटी माशासारखी उभीच होती.