शंका-समाधान : कॉसमॉस-4 तीन दिवसांतच का उतरवला?

प्रश्न : सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-4 हा उपग्रह 1962 मध्ये अवघ्या तीन दिवसांत जमिनीवर उतरवला, असे वाचनात आले. एवढ्या खटाटोपाने कक्षेत नेलेले यान इतक्या लवकर परत का आणले?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : परत आणल्याशिवाय त्या मोहिमेतून काहीच हाती लागले नसते. 26 एप्रिल 1962 रोजी बायकोनूरहून सोडलेला हा उपग्रह वैज्ञानिक संशोधनासाठी असल्याचे जाहीर झाले, पण प्रत्यक्षात तो ‘झेनिट-2’ जातीचा टेहळणी उपग्रह होता आणि त्याची छायाचित्रे फिल्मवर होती. त्या वेळच्या रेडिओ यंत्रणेला इतका बारीक तपशील पाठवणे झेपणारे नव्हते, त्यामुळे फिल्म खाली येऊन धुतली जाईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

झेनिटच्या मुख्य कॅमेऱ्यांचे नाभीय अंतर (म्हणजे ढोबळमानाने भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर) 1 मीटर होते. 200 किलोमीटर उंचीवरून पाहिल्यास फिल्मवरील 1 मिलिमीटरमध्ये जमिनीवरचे 200 मीटर मावतात आणि एका चौकटीत सुमारे 60 किलोमीटर लांबी-रुंदीचा प्रदेश येतो. म्हणजे पुण्यापासून लोणावळ्यापर्यंतचा सारा मुलूख एकाच छायाचित्रात बसावा. उंची दुप्पट केली की हाच तपशील निम्म्याने कमी होतो, म्हणून कक्षा खालची ठेवावी लागे.

कॅमेरे आणि फिल्म ज्या सुमारे 2.3 मीटर व्यासाच्या गोलात बसवली होती, तो गोल मुळात पहिला अंतराळवीर गागारिन याला घेऊन गेलेल्या व्होस्टोक यानाचाच होता. सोव्हिएत रॉकेट-अभियंते कोरोल्योव यांच्या संस्थेने माणसाच्या जागी कॅमेरे बसवले; वातावरणात शिरताना तापणारा गोल सुखरूप राखून पॅराशूटने उतरवण्याची विद्या त्यांच्याकडे तयारच होती. अमेरिकेच्या ‘कोरोना’ उपग्रहांतून फक्त फिल्मची कुपी सुटे आणि विमान तिला हवेतच झेलत असे. सोव्हिएत तंत्रज्ञांनी कॅमेऱ्यांसकट अख्खा गोल आपल्याच भूमीवर उतरवला. आमच्या मते, सुमारे पावणेपाच टनांचे यान उचलणारे रॉकेट आणि उतरायला अफाट मोकळा प्रदेश हाताशी असताना हाच मार्ग अधिक शहाणपणाचा होता, कारण महागडे कॅमेरेही परत मिळत. पुढील झेनिट-2 उपग्रह साधारण आठ दिवस कक्षेत ठेवले जात. फिल्म संपल्यावर त्यांना वर ठेवण्यात काहीच अर्थ नव्हता.