विनिपेगहून चर्चिल विमानाने नक्की किती किलोमीटर? १,००० की १,७००?

कॅनडातल्या या दोन गावांमधलं अंतर एकीकडे १,००० आणि दुसरीकडे १,७०० किमी का दिसतं, असं तुम्ही विचारलंय. आकडे दोन्ही बरोबर आहेत. हजार विमानाचे, सतराशे रेल्वेचे. रस्त्याचा आकडा मिळणारच नाही, कारण चर्चिलपर्यंत रस्ता जातच नाही.

हजाराचा ताळा घरबसल्या करता येतो. विनिपेग साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर, चर्चिल ५९च्या किंचित अलीकडे, आणि जवळपास नाकासमोर उत्तरेला. एका अंशाचे १११ किमी धरले की नऊ अंशांचे ९९९. चर्चिल थोडं पूर्वेला सरकलंय खरं, पण अंशही पुरते नऊ नाहीत, त्यामुळे फिटंफाट. म्हणजे हे अंतर मुंबई-दिल्ली हवाई अंतरापेक्षा थोडं कमीच! फोनवरच्या नकाशात मात्र ते बरंच जास्त वाटतं, कारण त्या नकाशात ध्रुवाकडे जावं तसतशी जमीन ताणलेली दिसते. मीही पहिल्यांदा फसलो होतो.

रेल्वे सरळ उत्तरेला जात नाही. आधी पश्चिमेला वळून शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात शिरते, मग परत मॅनिटोबात, म्हणजे या दोन्ही गावांच्या प्रांतात, येते. पुढे रुळांखालची जमीन कायम गोठलेली, ती कुठे सैल होईल नेम नाही, म्हणून गाडी अगदी सावकाश. दोन रात्री गाडीतच जातात. २०१७च्या वसंतात पुराने रूळ जागोजागी वाहून गेले, तेव्हा २०१८च्या अखेरीपर्यंत प्रवासी गाडी बंद होती. दूध-भाजीसुद्धा विमानानेच. नऊशेही वस्ती नसलेल्या गावात तेव्हा किराण्याचं काय झालं असेल, विचार करा.

मी नोव्हेंबरात चर्चिलची ध्रुवीय अस्वलं बघायला गेलो तेव्हा विमान पंख्यांचं होतं, आपल्याकडे कोल्हापूरला उतरतं तसलं एटीआर. प्रवासी मागच्या दाराने चढतात, पुढच्या भागात सामान. थेट गेलं तर अडीच तासांच्या आत पोचतं. मध्ये थॉम्प्सनला थांबणारं असेल तर वेळ वाढतो, तेवढं तिकीट काढताना बघून घ्या. शिवाय हडसन उपसागरावरून धुकं किंवा हिमवादळ आलं की वेळापत्रक गुंडाळून ठेवायचं. परतीच्या दिवशी पुढचं आंतरराष्ट्रीय विमान लावू नका, एक दिवस हातचा ठेवा.

भाडं किलोमीटरवर ठरत नाही. अस्वलांच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तर विचारूच नका. माझ्या शेजारच्या आजीबाई विनिपेगला डॉक्टरकडे जाऊन परत निघाल्या होत्या. मांडीवर द्राक्षांचं खोकं. सामानात गोठतील म्हणून ते त्यांनी अख्खा प्रवासभर हातातून सोडलं नाही.