पंप हातात, औषध घशात

दम्याच्या पंपाबद्दलची, म्हणजे इनहेलरबद्दलची, या वेळची पत्रं रुग्णांपेक्षा रुग्णांना शिकवणाऱ्यांची जास्त आहेत. म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

प्रश्न : राजापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सिस्टर, आशाताई आणि औषधनिर्माण अधिकारी अशा पंधरा जणांना ‘दम्याच्या रुग्णाला कसं शिकवायचं’ हे शिकवण्याचं काम माझ्याकडे आलंय. एक दिवस आणि एक प्रोजेक्टर मिळालाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : प्रोजेक्टर दुपारपर्यंत कपाटातच राहू द्या. श्वासनलिकांची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, अडतं ते हाताशी. सकाळी प्रत्येकाला सरावाचा, औषध नसलेला पंप द्या (तोंडाला लावायचा भाग प्रत्येकाचा स्वतंत्र हवा) आणि फक्त ‘घेऊन दाखवा’ एवढंच म्हणा. तोवर काहीही शिकवू नका. पुढच्या पायऱ्यांचा कागद हातात ठेवून बरोबर-चूक खुणा करत जा. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका काढणारी ‘जीना’ सांगते की ८० टक्क्यांपर्यंत रुग्णांना पंप नीट वापरता येत नाही. पांढरा कोट घातला म्हणून हात आपोआप सुधारत नाही. प्रत्येकाने आपल्या चुका आपल्याच कागदावर पाहिल्या की पुढचा दिवस सोपा जातो.

पायऱ्या अशा. टोपण काढून आत काही अडकलेलं नाही ना ते पाहायचं. पंप उभा धरून चार-पाच वेळा हलवायचा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत फवारे उडवायचे. किती, ते खोक्यातल्या माहितीपत्रकात असतं. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण पंपाच्या तोंडात नाही. ओठ घट्ट मिटायचे, जीभ खाली ठेवायची. सावकाश श्वास ओढायला लागायचं आणि त्याच वेळी एकदाच दाबायचं. ओढणं चालूच ठेवायचं, मोठ्या माणसाने चार-पाच सेकंद. मग दहा सेकंद, किंवा जमेल तितका, श्वास रोखायचा. दुसरा फवारा लागणार असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. पंपात स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरून पाणी थुंकायचं.

चूक होते ती बहुधा दाबण्याच्या आणि ओढण्याच्या मेळात. आधी दाबलं आणि मग ओढलं, तर औषध जिभेवर आणि घशावर बसतं. झटक्याने ओढलं तरी तेच होतं, कारण वेगात आलेले कण घशाच्या वळणावर आदळतात, खाली उतरत नाहीत. ओठांच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून धुकं बाहेर आलं, की समजा तेवढं औषध वाया गेलं. घोगरा आवाज आणि तोंडातली पांढरी बुरशी हीही पंप चुकतोय किंवा चूळ राहतेय याचीच खूण असू शकते, त्यामुळे तोंड उघडायला सांगून बघायची सवय लावा.

मग तिघांचे गट करा. एक रुग्ण, एक शिकवणारा, तिसरा फक्त कागद घेऊन पाहणारा. ‘रुग्णा’ला गुपचूप एक चिठ्ठी द्या: ‘न हलवता घ्या’, ‘एका श्वासात दोनदा दाबा’, ‘पंपातच फुंकर मारा’. शिकवणाऱ्याने ती चूक हेरायची आणि सगळ्यात महागात पडणारी एकच आधी दुरुस्त करायची. एका दमात आठ सूचना दिल्या तर रुग्ण एकही घरी नेत नाही. ‘समजलं का?’ हा प्रश्न त्या दिवसापुरता बंदच करा, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सूनबाईंना कसं दाखवाल, ते मला दाखवा’ असं म्हणायचं. दाखवणं, करून घेणं, दुरुस्त करणं हा फेरा तीनदा झाला तरी प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटंच लागतात.

दुपारी गेल्या चार आठवड्यांबद्दलचे चार प्रश्न पाठ करून घ्या. दिवसा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्याने रात्री जाग आली का? तातडीचा, म्हणजे लगेच आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? कामात अडथळा आला का? शेवटचा प्रश्न आपल्या भाषेत विचारा: घाटी चढताना किंवा विहिरीवरून कळशी आणताना मध्येच थांबावं लागतं का? एकही ‘हो’ नसेल तर दमा काबूत आहे. एक-दोन असतील तर अर्धवट काबूत, तीन-चार असतील तर मुळीच नाही, आणि असा रुग्ण डॉक्टरांकडे पाठवायचा.

त्रास कशाने वाढतो याची छापील यादी वाटू नका, विचारायला शिकवा. कुणाला भाजावळीचा धूर, कुणाला पावसाळ्यात भिंतीवर आणि गोधडीत धरलेली बुरशी, चिरेखाणीवर जाणाऱ्याला धूळ, तर कुणाला गणपतीआधी घराला दिलेला रंग. एकाला जे बाधतं ते दुसऱ्याला बाधेलच असं नाही. यादी वाटली की लोक दही आणि केळी सोडतात, चूल तशीच राहते.

आणि दुसरी तारीख आजच ठरवा. शिकलेल्या चुका चार ते सहा आठवड्यांत परत येतात, रुग्णांच्याही आणि शिकवणाऱ्यांच्याही. फेरतपासणीशिवायचं प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावरची सही.

प्रश्न : मालवणजवळच्या केंद्रात मी सिस्टर आहे. पावसाळा लागला की कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राबद्दल तक्रारी येतात. ‘पावडर येतच नाही’ म्हणतात. यंत्र खराब होतं का?

उत्तर : बहुतेक वेळा यंत्र धड असतं, पावडर ओली झालेली असते. आपल्याकडच्या दमट हवेत ती गुठळी धरते आणि कॅप्सूलच्या आतल्या बाजूला चिकटते. आठवडाभराच्या कॅप्सूल डबीत काढून ठेवणं, यंत्रात आदल्या रात्रीच भरून ठेवणं, डबा मोरीच्या किंवा चुलीच्या फळीवर ठेवणं, यांपैकी काही घडतं का, ते आधी विचारा. कॅप्सूल मूळ पॅकमध्येच, झाकण घट्ट लावून ठेवायची आणि ओढायच्या क्षणी काढायची, तीही कोरड्या हाताने. यंत्रात श्वास सोडणारेही बरेच असतात. एका फुंकरेची वाफ पावडर भिजवायला पुरते.

कॅप्सूलचं हे यंत्र रोटाहेलर असेल तर कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली करून चौकोनी भोकात घालायची. वरचं टोक भोकाच्या काठाशी येईपर्यंत दाबायचं आणि खालचा भाग अडेपर्यंत फिरवायचा, म्हणजे कॅप्सूल दुभंगते. इथे श्वास पंपाच्या उलट हवा: जोरात आणि खोल. दोन्ही प्रकार वापरणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून पाहायची. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. कॅप्सूल गिळणारेही भेटतात, तेव्हा ‘ही पोटात घ्यायची नाही’ हे तोंडाने सांगाच. धुतल्यावर यंत्र पूर्ण सुकल्याशिवाय वापरायचं नाही. जुलैत त्याला वेळ लागतो, म्हणून जमल्यास दोन यंत्रं ठेवावीत. लहान मुलांना आणि जोराचा झटका आलेल्याला एवढा जोरात श्वास ओढता येत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं पोकळ भांडं) लावलेला पंपच बरा.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात आशा आहे. माणसं म्हणतात, ‘माका पंप नको, सवय लागता. गोळयेनच भागव.’ काय उत्तर देऊ?

उत्तर : वाद घालू नका, आकडा सांगा. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारं औषध. त्याची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात असतात १००. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथेच जातं, म्हणून चाळिसावा भाग पुरतो.

मात्र त्यांच्या भीतीत एक खरा धागा आहे, तो सोडू नका. नुसत्या तातडीच्या पंपावर दिवस काढणं धोक्याचंच आहे. आराम वाटतो, पण आतली सूज तशीच राहते. ‘जीना’ने २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरांना फक्त साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असंच सांगितलं आहे, सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड सोबत हवं. ‘स्टेरॉइड’ शब्दाला लोक दचकतात. तिथेही मात्रा दाखवा: ब्युडेसोनाइड या श्वासातल्या स्टेरॉइडचा रोजचा डोस काहीशे मायक्रोग्रॅमचा, तर झटका आल्यावर मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन हे पोटात घ्यायचं स्टेरॉइड द्यावं लागतं ते दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम. औषधं वेगळी आहेत, तरी कुठलं ओझं मोठं ते कळतं. पंप मात्र ‘निळा’, ‘तपकिरी’ असे रंगावरून शिकवू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. ‘रोजचा’ आणि ‘तातडीचा’ असं पट्टी चिकटवून लिहा, आणि डॉक्टरांनी एकच पंप दोन्हींसाठी दिला असेल तर तसंही लिहा.

प्रश्न : दापोलीत माझं औषधाचं दुकान आहे. पंप संपला का हे पाहायला गिऱ्हाईक त्यातला औषधाचा डबा पाण्यात तरंगवतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तरंगण्यावरून नेमकं कळत नाही आणि झडपेत पाणी शिरतं. औषध संपल्यावरही नुसता वायू फवारत राहतो, त्यामुळे ‘अजून येतंय’ यावरही विसंबू नये. मोजणीचा आकडा दिसणारा पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर गणित करा: २०० फवाऱ्यांचा पंप, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, म्हणजे ५० दिवस. विकतानाच संपायची तारीख पेनाने डब्यावर लिहून द्या.

प्रश्न : अलिबागजवळ मी अंगणवाडी सेविका आहे. मुलांना स्पेसर घेणं पालकांना परवडत नाही. बाटलीचा करतात असं ऐकलं. आणि झटका आला तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

उत्तर : चालतो. केप टाउनमध्ये हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दम्याचा झटका आलेल्या मुलांवर तो तपासला होता. ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाला आली. तारेला पंपाच्या तोंडाचा आकार द्या, तापवा आणि बाटलीच्या तळाला तेवढंच भोक पाडा. पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टी लावा. मूल बाटलीच्या तोंडाला ओठ लावतं. ओठ मिटता न येणाऱ्या लहानग्याला मास्क लागतो. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा साधे श्वास. चार फवारे एकदम मारले तर औषध बाटलीलाच चिकटतं. धुवायची साबणाच्या पाण्याने आणि उपडी ठेवून वाऱ्यावर सुकवायची. फडक्याने पुसली की प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि तो कण ओढून धरतो.

झटक्यात मुलाला बसतं ठेवा, आडवं करू नका. तातडीच्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, स्पेसरमधून द्या. चार मिनिटांत उतार नसेल तर १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तसेच चार-चार देत राहा. वाक्य पुरं बोलता न येणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं किंवा मूल गुंगीत जाणं यांपैकी काहीही दिसलं तर चार मिनिटं थांबू नका, पहिल्याच फवाऱ्याला फोन करा. आणि घरघर अचानक थांबून मूल मलूल झालं, तर तो आराम समजू नका. हवाच आत जात नसेल तर आवाजही येत नाही.