गळ्यात माळ आहे म्हणून ड्रॅगन आवडू नये का?

पत्र थोडं कमी करून देतेय. "मी २३ वर्षांची, यावल तालुक्यातली. घरात तीन पिढ्यांची वारी, बारावीनंतर मीपण माळ घातली. फॅन्टसी आणि साय-फाय खूप वाचते, रात्री मोबाईलवर. दादा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो देव मानणाऱ्याला साय-फाय कळूच शकत नाही, तू नुसती स्टोरी वाचतेस. बाबा म्हणतात चेटकिणी आणि राक्षस वाचून नामातलं मन उडतं. मागच्या महिन्यात एक कादंबरी वाचली, त्यात एका ग्रहावरचे लोक ज्याला देव मानतात ते शेवटी मशीन निघतं आणि पूजा करणारे सगळे मूर्ख ठरतात. मी रात्रभर रडले. दादाला सांगितलं तर तो हसला, म्हणाला बघ, मी म्हटलं होतं ना. माझ्या श्रद्धेमुळे मला वाचनाची मजा येत नाही का? की वाचनामुळे श्रद्धा चाललीय? तुम्हाला काय म्हणून हाक मारावी तेच कळेना, म्हणून वरची जागा तशीच सोडली."

बेटा, आधी ते शेवटचं वाक्य. वरची जागा कोरी बघितली आणि मला एकदम चांगदेव आठवले. तुला ही गोष्ट सांगायची गरज नाही पण बाकीच्यांसाठी सांगते. ज्ञानोबा वयाने लहान आणि ज्ञानाने मोठे, मग चिरंजीव लिहावं की तीर्थरूप हेच ठरेना म्हणून चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याने कोराच कागद धाडला, मुक्ताई तो बघून म्हणाली एवढं जगूनही हा कोराच राहिला, आणि ज्ञानोबांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले तर ही चार भावंडं बसल्या भिंतीसकट सामोरी गेली.

हे तू पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेयस. चौदाशे वर्षांचा माणूस, वाघाचं वाहन, चालती भिंत. मी त्याला फॅन्टसी म्हणत नाहीये, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी ती संतांची कथा आहे, मी बोलतेय ते ऐकायच्या सवयीबद्दल. जे डोळ्यांनी कधी दिसलं नाही ते मनात अख्खं उभं करायचं आणि त्याच्यासोबत तास-दीड तास राहायचं, ही सवय तुला मांडवात बसून लागलीय. ज्याला ती नाही त्याला दहाव्या पानावर ड्रॅगनचा कंटाळा येतो.

एक बघितलेलं सांगते. महाशिवरात्रीच्या यात्रेत मुक्ताईनगरला कीर्तनाला बसले होते. बुवांनी कथा भिंतीपर्यंत आणली, मृदंगवाल्याला हाताने थांबवलं आणि नुसते गप्प उभे राहिले. माझ्या शेजारी सहा-सात वर्षांचा एक पोरगा होता, तो हळूच मागे वळला आणि मांडवामागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिला, हलते का ते. त्याच्या पलीकडे अमळनेरकडची एक आजी, पदर डोळ्याला लावलेला. कीर्तन संपल्यावर चहा घेताना मी त्यांना विचारलंच, आजी, भिंत खरंच चालली असेल का हो? तर म्हणाल्या, "भित चालनी का नही चालनी माले काय माहीत, पन रडू ते खरं येस ना माय."

टोल्किन नावाचा इंग्रज लेखक, ज्याच्यामुळे आजची बरीचशी फॅन्टसी आहे, त्याने १९३९ साली स्कॉटलंडमध्ये एक व्याख्यान दिलं होतं. त्याचं म्हणणं असं की गोष्ट वाचताना आपण आपला अविश्वास बाजूला ठेवतो हे काही बरोबर वर्णन नाही. चांगली गोष्ट असली की आपण त्या जगाच्या आत जातो आणि आत आहोत तोवर तिथलं सगळं खरंच असतं, अविश्वास मुद्दाम दाबून ठेवायची वेळ आली म्हणजे गोष्ट फसली. हा माणूस पक्का कॅथलिक, नियमाने चर्चला जाणारा, आणि माणूस नवी जगं रचतो कारण त्याला घडवणाराही रचणारा आहे असं तो मनापासून मानायचा. म्हणजे त्याच्या श्रद्धेतूनच त्याची फॅन्टसी आलीय. आणि त्याच धर्माच्या दुसऱ्या काही लोकांनी २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या आलमोगोर्डो गावी एका चर्चबाहेर हॅरी पॉटरची होळी केली, सैतानी म्हणून, आणि त्या जाळात टोल्किनचीही पुस्तकं गेली. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाचं पुस्तक प्रार्थना करणाऱ्यांनीच जाळलं. श्रद्धा दोघांचीही होती, मग फरक कुठे पडला, तर गोष्ट ऐकायला बसायची तयारी एकाकडे होती आणि दुसऱ्यांकडे नव्हती.

आता तुझ्या रात्रभराच्या रडण्याबद्दल, कारण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे. मजा आली नाही असं तू लिहितेस पण तू ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलंस ना? तुला लागलं, म्हणजे तू आत होतीस. त्या ग्रहावर पूजा करणाऱ्यांच्या रांगेत तू उभी होतीस आणि लेखकाने तुझ्याच पायाखालची जमीन काढली, तुझ्या दादाने तेच पान बाहेर उभं राहून वाचलं असतं. श्रद्धेमुळे वाचन बदलतं हे मी नाकारत नाही, बदलतंच, जिथे दुसऱ्याला काही वाटत नाही तिथे तुला टोचतं. पण टोचणं म्हणजे न कळणं नव्हे.

आर्थर क्लार्कची १९५५ सालची एक छोटी कथा आहे, "द स्टार". अंतराळयानावर एक पाद्री आहे, तोच खगोलशास्त्रज्ञ. स्फोट होऊन विझलेल्या एका ताऱ्याजवळ त्यांना कळतं की त्या स्फोटात एक अख्खी सुंदर संस्कृती जळून गेली, आणि तो हिशेब करतो तर येशूच्या जन्माच्या वेळी पृथ्वीवरून जो तारा दिसला तो हाच. क्लार्क स्वतः धार्मिक नव्हता. पण त्याने त्या पाद्र्याला मूर्ख केलं नाही, त्याचं दुःख इतकं जपून लिहिलंय की मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी हरिपाठाला बसले तेव्हा देवाला विचारायला माझ्याकडे एक खरा प्रश्न होता. आपले तुकोबा देवाशी काय कमी भांडलेत? तेव्हा तू वाचलेल्या कादंबरीत मशीन निघालं हा दोष नाहीये, पूजा करणारे सगळे एकजात मूर्ख दाखवले हा दोष आहे, कारण ज्या लेखकाला श्रद्धाळू माणूस आतून रंगवता येत नाही त्याला माणूसच नीट रंगवता आलेला नाही. अशी पुस्तकं अर्ध्यावर बंद करायचा तुला पूर्ण हक्क आहे, कोणाला स्पष्टीकरण द्यायचं नाही.

दादाला एकदा पाटणादेवीला घेऊन जा, चाळीसगावपासून जवळच आहे. तिथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, म्हणजे आपले योगी चांगदेव नव्हेत, हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. गणित आणि ग्रहगती शिकवायच्या मठाची नोंद देवळाच्या दगडात कोरलीय, आपल्या खानदेशात, आठशे वर्षांपूर्वी. त्याला सांग, श्रद्धा आणि विज्ञान एका डोक्यात मावत नाहीत असं त्या माणसांना तरी वाटलं नव्हतं.

एक मात्र करू नकोस, चिडून त्याला पुष्पक म्हणजे विमानच आणि आपल्याकडे सगळं आधीच होतं असं सांगायला जाऊ नकोस. त्यात संतांचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही. जयंत नारळीकर फलज्योतिषाच्या विरोधात आयुष्यभर उघड बोलले. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली विज्ञानकथा पाठवली तीसुद्धा दुसऱ्याच नावाने, नावाकडे बघून बक्षीस नको म्हणून. मी त्यांच्या कथा वाचत मोठी झाले, एकादशी करत करत, आणि मला कधी त्यांच्यापैकी किंवा विठ्ठलापैकी एकाला निवडावं लागलं नाही.

बाबांशी वेगळं बोलावं लागेल, त्यांचं हसणं नाहीये, काळजी आहे. त्यांना वाटतं पोरगी हातातून चाललीय आणि ती रात्री दार लावून काय वाचते ते आपल्याला कळत नाही. तेव्हा दार उघडं ठेव. एखाद्या संध्याकाळी हरिपाठ झाला की जे वाचतेयस त्यातला एक प्रसंग त्यांना सांग, वाचून नको दाखवू, सांग, जशी आजी कानबाईच्या रात्री आपल्याला सांगायची तसा. चेटकीण आहे तर चेटकीण म्हणून सांग, काही लपवू नको. बहुतेक ते मध्येच विचारतील, मग पुढे काय झालं? तिथे थांब आणि बाकीचं उद्या सांगते म्हण.

आणि मन उडतंय का हे तुझं तूच बघ, तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. रात्री दोनपर्यंत वाचून सकाळची काकड आरती चुकत असेल तर तो जागरणाचा प्रश्न आहे, अकराला मोबाईल ठेव आणि झोप.

ते पुस्तक तुला इतकं का लागलं ते मला परत सविस्तर लिही, नेमक्या कुठल्या पानावर लागलं तेही सांग. आणि यावेळी वरची जागा कोरी सोडू नकोस गं, मावशी लिही.