अरुंद पॅसेजमध्ये बूट, कोट आणि छत्र्या ठेवण्यासाठी मडरूमसारखी जागा स्वतः कशी तयार करावी?

आपण लिहिल्याप्रमाणे मुख्य दारापासून आतल्या खोलीपर्यंतचा आपला पॅसेज 110 सेंमी रुंद आणि साधारण 3 मीटर लांब आहे, आणि सुताराला न बोलावता तिथे मडरूमसारखी, म्हणजे बाहेरून आल्यावर ओले-मळके बूट, कोट, छत्र्या आणि पिशव्या ठेवता येतील अशी सोय आपल्याला करायची आहे. हे काम घरच्या घरी नक्की होण्यासारखे आहे. आमच्या घरातला याहून थोडा अरुंद पॅसेज मी स्वतः असा करून घेतला, आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की अशा जागेत काय बसवायचे हे ठरवण्याआधी चालण्यासाठी किती रुंदी मोकळी सोडायची हे ठरवावे. बाकीचे बहुतेक निर्णय त्या एका आकड्यातून आपोआप निघतात.

चालायला 90 सेंमी मोकळे मिळाले तर उत्तम, पण 80 सेंमीच्या खाली मी जाणार नाही, कारण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसाला तेवढी जागा लागतेच, शिवाय अडचणीच्या वेळी घराबाहेर पडण्याची वाटही तीच असते. 110 मधून 80 वजा केले की आपल्या हाती 30 सेंमी उरतात. ते दोन भिंतींत वाटून टाकू नयेत, सगळे एकाच भिंतीला द्यावेत. दोन्हीकडे 15-15 सेंमीच्या फळ्या लावल्या तर कोणत्याच बाजूला बूट धड मावत नाही आणि पॅसेज मात्र दोन्हीकडून दाटतो. कोणती भिंत निवडायची हे बहुधा दारच ठरवते. दार पूर्ण उघडून त्याची कड जिथून फिरते ती रेघ जमिनीवर खडूने आखावी आणि त्या रेघेच्या आत काहीही ठेवू नये. मग ठरलेल्या मापाची पुठ्ठ्याची रिकामी खोकी भिंतीशी ठेवून आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी नेहमीसारखे ये-जा करून पाहावे. कोपर कुठे लागते, पाय कुठे अडखळतो हे नकाशावर कळत नाही, तिथे लगेच कळते.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. माणूस पायांपाशी कमी आणि खांद्यांपाशी जास्त रुंद असतो, त्यामुळे अरुंद जागेत खालच्या कपाटापेक्षा वर लटकलेले कोटच वाट जास्त अडवतात. हँगरची दांडी तर इथे विसरावी, कारण तिला जवळजवळ 60 सेंमी खोली लागते. खुंट्यांवर अडकवलेले जाड कोटही एकावर एक चढले की 25 सेंमीपर्यंत पुढे येतात. म्हणून खुंट्यांची पट्टी पॅसेजच्या बंद टोकाला, कोपऱ्यात किंवा जिथून कोणी वळत नाही अशा ठिकाणी लावावी आणि प्रत्येकाला एकच खुंटी द्यावी. सध्या न वापरायचे कोट कपाटात गेलेले बरे. मोठ्यांसाठी 160 सेंमीच्या आसपासची उंची सोयीची पडते, मुलांसाठी 100 ते 120 सेंमी, आणि दोन खुंट्यांमध्ये 20 सेंमी तरी अंतर असावे.

बुटांसाठी पुढे झुकून उघडणाऱ्या कप्प्यांचे उथळ कपाट मला सर्वांत योग्य वाटते. त्यात बूट उभे राहतात, त्यामुळे त्याची खोली 17 ते 20 सेंमीत भागते, तर साध्या फळीवर सरळ ठेवलेल्या मोठ्या माणसाच्या बुटाला 30 सेंमी लागतात. असे कपाट उंच आणि उथळ असल्याने कप्पा ओढताच पुढे कलंडू शकते. ते भिंतीला स्क्रूने जखडल्याशिवाय वापरू नये, लहान मुले असतील तर मुळीच नाही.

बसून बूट घालायचे असतील तर 45 सेंमी उंच आणि 30 सेंमी खोल बाक पुरतो. बसलेल्या माणसाचे गुडघे मात्र भिंतीपासून 60 सेंमीच्या पुढे येतात, म्हणजे तेवढा वेळ वाट अडणारच. त्यामुळे बिजागरीवर मिटणारी फळी मला जास्त पटते. मिटल्यावर ती भिंतीपासून फार तर 10 सेंमी पुढे राहते. तिला खाली टेकणारे घडीचे पाय द्यावेत, म्हणजे बसणाऱ्याचे वजन जमिनीवर जाते आणि भिंतीतल्या स्क्रूंवर सगळा भार येत नाही.

आता भिंतीविषयी, कारण घरी केलेली अशी कामे इथेच ढिली पडतात. प्रत्येक खुंटी वेगवेगळी भिंतीत ठोकू नये. 10 सेंमी रुंद आणि 2 सेंमी जाड लाकडी पट्टी आधी भिंतीवर पक्की करावी आणि खुंट्या त्या पट्टीत बसवाव्यात, म्हणजे भोके कमी पडतात आणि ओढ सगळीकडे वाटली जाते. भिंत विटांची असेल तर 8 मिमीच्या बिटने हॅमर ड्रिल चालवताना बाहेर पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवावे: आधी गिलाव्याची राखाडी भुकटी येते, मग विटेची लाल. लाल भुकटी दिसू लागल्यावर आणखी 40 मिमी तरी आत जावे, कारण प्लग, म्हणजे स्क्रू घट्ट धरण्यासाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, नुसत्या गिलाव्यात अडकला तर काही महिन्यांत गिलाव्याच्या खपलीसकट बाहेर येतो. भोकातली भुकटी फुंकून काढावी, प्लग हातोडीने हलकेच ठोकून गिलाव्याच्या आत दाबावा, आणि स्क्रूची लांबी निवडताना पट्टीची जाडी व गिलाव्याची जाडी दोन्ही धरावी. पोकळ जिप्समची भिंत असेल तर आतले उभे सांगाडे शोधावेत. ते बहुधा 40 किंवा 60 सेंमी अंतराने असतात, आणि पट्टी त्यांच्यातच जखडावी. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण भिंतीतल्या वायरी साधारणपणे त्याच रेषांत धावतात.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. पाण्याला टिकणारे प्लाय घ्यावे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, स्वस्त पडते, पण उघड्या कडेतून पाणी शिरले की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. प्लायच्याही कडा पट्टीने किंवा वॉर्निशने बंद कराव्यात. काहीही बसवण्याआधी भिंतीला जमिनीपासून 120 सेंमीपर्यंत धुता येणारा रंग द्यावा, कारण ओल्या छत्र्या आणि बुटांचे शिंतोडे तिथवर उडतात.

ओल्या वस्तू बंद कपाटात जाऊ देऊ नयेत, नाहीतर कुबट वास लागतो आणि मग कितीही पुसले तरी तो जात नाही. दाराजवळ उभ्या काठाची एक उथळ ट्रे ठेवून बूट आधी तिच्यात वाळू द्यावेत, छत्र्याही तिच्यावरच निथळू द्याव्यात, आणि कपाटाच्या पाठीला व तळाला भोके पाडून हवा खेळती ठेवावी. कपाट जमिनीपासून 15 सेंमी वर बसवले तर त्याच्याखालून फडकेही सहज फिरते आणि ट्रेही तिथेच सरकवता येते.