तुझ्या मसुद्यातला तिसरा परिच्छेद

प्रिय,

बालसैनिकांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तळमळ पोचते. पण तिथल्या अधिकाऱ्याने तो वाचून पुढे नेमकं करायचं काय, हे त्यात कुठेच सापडत नाही. ‘सरकारने ठोस पावलं उचलावीत’ या वाक्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला की फाइल बंद.

मुलांना लढायला लावणारा परक्या देशातला टोळीप्रमुख आपल्या सरकारचं ऐकणार नाही. पण शस्त्रं कोणाला विकायची, कोणाच्या सैन्याला प्रशिक्षण द्यायचं, हे सरकारच ठरवतं ना? मुलांची भरती करणाऱ्या सैन्यांची आणि सशस्त्र गटांची यादी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दरवर्षी अहवालासोबत जाहीर करतात. त्या यादीतल्या सैन्याची लष्करी मदत थांबवा, असं सरळ माग. अमेरिकेने अशा धर्तीचा कायदा २००८ मध्येच केला; मात्र राष्ट्रहिताचं कारण देऊन सूट देण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना ठेवली, आणि ती पुन्हा पुन्हा वापरली गेली. तेव्हा पळवाट आधीच बुजव. सूट दिलीच, तर तिची कारणं संसदेसमोर ठेवावी लागतील, हेही मागणीतच लिही.

(जाता जाता : आपल्या देशाचं सैन्यभरतीचं वयही तपासून ठेव. युद्धात मुलांना वापरण्याविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार (प्रोटोकॉल) सरकारी सैन्याला अठराच्या आत स्वेच्छाभरतीची वाट ठेवतो, सशस्त्र गटांना नाही. हा प्रश्न समोरून येणारच.)

आता तिसरा परिच्छेद. तिथे तू ‘निष्पाप’ हा शब्द चार वेळा वापरला आहेस. काढून टाक. यातल्या कित्येक मुलांनी माणसं मारली आहेत, कधी स्वतःच्याच गावातली. युगांडाचा डॉमिनिक ऑन्गवेन लहानपणी शाळेच्या वाटेवरून बंडखोर टोळीकडून पळवला गेला, पुढे त्याच टोळीत सेनानायक झाला आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. जन्मठेप टळली, त्यात त्याच्या हिरावलेल्या बालपणाचाही विचार होता. अवघड प्रकरण आहे, आणि तुझं पत्र वाचणाऱ्याला ते माहीत असणार. म्हणून मुलं निर्मळ आहेत यावर युक्तिवाद उभा करू नकोस. त्यांना भरती करणारा मोठा माणूस गुन्हेगार आहे, यावर कर. पंधराच्या आतल्या मुलांची भरती हा युद्धगुन्हा आहे. काँगोतल्या सशस्त्र गटाचा प्रमुख थॉमस लुबांगा याला २०१२ मध्ये त्याच गुन्ह्यासाठी चौदा वर्षांची शिक्षा झाली.

आणखी एक. तुझ्या मसुद्यात फक्त बंदूकवाला मुलगा आहे. छावणीत सरपण आणणारी, ओझी वाहणारी, कोणाची तरी ‘बायको’ म्हणून ठेवलेली मुलगी कुठे आहे? बालसैनिकांबद्दलची २००७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे पॅरिस तत्त्वं, तिलाही याच मुलांत धरतात. पण सिएरा लिओनमध्ये यादवी संपताना निःशस्त्रीकरणाच्या केंद्रावर बंदूक जमा करणाऱ्याला मदतीसाठीचा दाखला मिळायचा, आणि तिच्याकडे द्यायला बंदूक नव्हती. अशा कितीतरी मुली कुठल्याही यादीत न येता, कडेवर मूल घेऊन, परस्पर निघून गेल्या. पुनर्वसनाचा निधी मागशील तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा माग, आणि सहा महिन्यांचा नको, काही वर्षांचा माग. शाळेत परत बसवणं, घरच्यांनी आत घेणं, याला वेळ लागतो.

परिच्छेद नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव. सोबतचा तो बंदूकवाल्या मुलाचा फोटो मात्र लावू नकोस. त्याचा चेहरा ओळखू येतो.

तुझा,
काका